चेंडू कोणाच्या हाती?



अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा सेनापती. डाव मांडायचा त्याने, चेंडू फेकायचाही त्यानेच. कृष्णवर्णीय खेळाडू धावेल, झुंजेल. पण डोके चालविण्याचे हे काम त्याचे नव्हे, असा तिथला जुना समज. पहिल्या २१ ‘सुपर बोल’ अंतिम सामन्यांत एकाही कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने सुरुवात केली नाही. ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनकडून डग विल्यम्स उतरला. डेन्व्हर १०-० असे पुढे. त्यात याचा गुडघा दुखावला. तरी तो परतला, आणि दुसऱ्या चरणातच त्याच्या चार फेकींवर टचडाउन झाले. निकाल ४२-१०! पुढे ३५ वर्षांनी, २०२३ च्या अंतिम सामन्यात, दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. मंडळी, पात्रता आधीही होती. अडवून धरली होती ती संधी.