खडीवाल्याचं स्वागत



स्वागताध्यक्षाने मांडव घालावा, पंगत वाढावी आणि भाषण आवरतं घ्यावं, असा आपल्याकडे संकेत आहे. मांडव घातला आहे, पंगतीची तयारी झाली आहे. तिसरीचं बघू.

या पदासाठी माझं नाव पुढे आलं तेव्हा आमच्या बेलपाड्यात हशा पिकला. जुन्या इमारती पाडू नका, डागडुजी करून वापरा, असं सांगणारी ही परिषद. आणि तिचा स्वागताध्यक्ष कोण, तर तीस वर्षं रेती, खडी, सिमेंट विकून पोट भरलेला माणूस. दारूच्या गुत्तेवाल्याने व्यसनमुक्तीच्या सभेचा मांडव घालावा, तशातलीच गत. यात दोष माझ्या मुलीचा. ती आर्किटेक्ट झाली. रोज जेवताना ती मला माझ्या धंद्याचा हिशेब विचारते, आणि त्या हिशेबातूनच मी इथे येऊन उभा राहिलो आहे.

राज्यभरातून आलेल्या तुम्हा वास्तुविशारद, अभियंते, विद्यार्थ्यांपैकी बरेचजण मेट्रोने आले. बेलापूर, आरबीआय कॉलनी, मग बेलपाडा. १७ नोव्हेंबर २०२३ ला ही गाडी सुरू झाली आणि आमच्या गावाचं नाव भोंग्यावरून पुकारलं जाऊ लागलं. पण खाली उतरल्यावर गाव शोधायला तुम्हाला वेळ लागला असेल. ते आहे, खारघरच्या सेक्टरांच्या मधोमध दडलेलं आहे. आमच्या वाडवडिलांनी इथे भात पिकवला, खाडीत मासे धरले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये या जमिनींसाठी झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिला, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट मार्गी लागली. तोवर घरं वाढली होती, पोरांची लग्नं झाली होती, आणि ज्याला जमलं त्याने गावठाणाला लागून भिंती उभ्या केल्या. त्यांना आम्ही ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतो. कागदावर त्यांना अनधिकृत म्हणतात. त्यामुळे परिषदेच्या फलकावरचं ‘पाडू नका’ वाचून आमच्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, “सिडकोवर मोर्चा हाय का रं?” मी म्हटलं, नाही बाबा, हा मोर्चा आपल्याच घरावर आहे.

कारण आमचं जुनं घर सिडकोच्या जेसीबीने नाही पाडलं, मी पाडलं. ते पणजोबांच्या वेळी कारवीच्या कुडाचं होतं. आजोबांनी विटांच्या भिंती घातल्या, वर मंगलोरी कौलं चढवली. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर. कुड गेला तरी सागाचे वासे तेच राहिले होते. म्हणजे आजोबांनी नूतनीकरण केलं होतं, फक्त त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता. मी मात्र तीन दिवसांत सगळं भुईसपाट केलं. वासे जुन्या लाकडाच्या वखारीत गेले. जागी चार मजली आरसीसी उभी केली, तीन मजले भाड्याने दिले. त्याचा मला पश्चात्ताप आहे असं म्हणणार नाही. त्या भाड्यावर तर मुलगी शिकली. पण बाबा पुढची सगळी वर्षं दुपारी जिन्याच्या पहिल्या वळणावर बसायचे. बसायला पडवी नव्हती आणि वारा तेवढ्याच जागी यायचा.

आता धंद्याचं बोलतो. दहा हजार चौरस फुटांची इमारत म्हणजे आमच्या ठोकताळ्याने चार हजार गोणी सिमेंट, चाळीस टन सळई आणि सव्वाशे ते दीडशे ब्रास खडी. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हा डोंगर कापण्याचा आकडा आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झालेली आपण सगळ्यांनी पाहिली, पारसिकच्या डोंगराच्या अंगावरचे खाणींचे घाव रोज दिसतात. सिमेंटचं गणित मुलीने शिकवलं. चुनखडी भट्टीत साडेचौदाशे अंशांच्या आसपास भाजली की इंधनाचा धूर वेगळा आणि दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वेगळा. टनामागे अर्ध्या टनाहून जास्त. चार हजार गोणी म्हणजे दोनशे टन. तेव्हा आपल्या त्या मध्यम इमारतीचं नुसतं सिमेंट शंभर टनांहून अधिक वायू हवेत सोडूनच जागेवर येतं. तो वायू एकदा जाऊन चुकला. इमारत उभी राहिली तर तो खर्च निदान वसूल होत राहतो. पंचविसाव्या वर्षी ती पाडली, की तोच खर्च पुन्हा पहिल्यापासून, आणि वर पाडलेला मलबा. तो कुठे जातो? डेब्रिजचे डंपर रात्री खाडीकाठी कांदळवनात रिकामे होतात हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. माझ्या धंद्यात त्यालासुद्धा गिऱ्हाईक असतं, त्याला ‘भराव’ म्हणतात.

आणि इमारती पंचवीस-तीस वर्षांत का खंगतात, याचंही उत्तर थोडंफार माझ्याकडे आहे. खाडीची रेती. ती गोड्या पाण्याने धुऊन वापरायची असते. नव्वदच्या दशकात इथे इतक्या घाईने कामं चालली होती की धुण्याची सवड कुणाला नव्हती, आणि घेणाऱ्याने विचारलं नाही तर विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. मीठ काँक्रीटमध्ये राहतं, सळईला गंज धरतो, गंजलेली सळई फुगते आणि आतूनच स्लॅब फोडते. मग एके दिवशी झोपलेल्या माणसाच्या अंगावर पोपडा पडतो, आणि सोसायटीच्या सभेत कुणीतरी उठून म्हणतो, “रिडेव्हलपमेंट.”

तो शब्द गोड का लागतो, ते ओळखल्याशिवाय तुमची परिषद पुढे जायची नाही. दुरुस्ती म्हणजे खिशातून वर्गणी. पुनर्विकास म्हणजे मोठा फ्लॅट, तोवरचं भाडं, वर कॉर्पस. एकीकडे बिल, दुसरीकडे लॉटरी. सभेत हात कुठल्या बाजूला वर होतील? खरं तर सोसायटीच्या आदर्श उपविधींतच वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड गोळा करायला सांगितलं आहे. किती सोसायट्या करतात, हे इथल्या सेक्रेटरींनी एकमेकांकडे न बघता हात वर करून सांगावं. इमारतीला तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. त्यात सी-१ शेरा आला, म्हणजे अतिधोकादायक, तर इमारत रिकामी करून पाडायलाच हवी. त्यात भावनेला जागा नाही. पण सी-२बी म्हणजे माणसं न हलवता दुरुस्त होणारी. तिचाही अहवाल हातात पडला की लोक ‘ऑडिटमध्ये नापास’ एवढंच ऐकतात. कोअर काढून, कार्बोनेशन तपासून, कॉलमला जॅकेटिंग करून तीच इमारत किती वर्षं जगेल आणि प्रत्येक घराला त्याचा किती भार येईल, हे त्यांना त्यांच्या भाषेत, रुपयांत, एका कागदावर कोण सांगतो? डेव्हलपरचा माणूस रंगीत पुस्तिका घेऊन आलेला असतो. तुमचा माणूस कुठे असतो?

इथून दोन स्टेशनांवर, बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची वसाहत आहे. ८३ ते ८६ च्या दरम्यानची. सात-सात घरं एका चौकाभोवती, ४५ ते ७५ चौरस मीटरचे तुकडे, आणि कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, कारण कल्पनाच ही होती की माणसाने ऐपतीप्रमाणे घर वाढवत न्यावं. मी मुलीबरोबर तिथे गेलो. बरीच घरं वाढवली नव्हती, मुळापासून काढून नवी बांधली होती. ती नाराज झाली. मला मात्र माझंच घर दिसलं. वाढवायची सोय ठेवून भागत नाही, वाढवणारा गवंडी आणि सुतारही लागतो. सळई बांधणारे दहा मिळतील. कौलारू छपराचा वासा बदलणारा पनवेल तालुक्यात शोधून दाखवा.

फ्रान्समधल्या बोर्दोची गोष्ट मुलगी सांगते. साठच्या दशकातल्या तीन मोठ्या इमारती, ५३० घरं. लाकातों आणि वासाल या वास्तुविशारद जोडीने त्या पाडल्या नाहीत. बाहेरून जवळपास चार मीटर रुंदीच्या काचेच्या पडव्या जोडल्या, आणि काम चालू असताना माणसं आपापल्या घरातच राहिली. २०२१ चं वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक त्यांना मिळालं. मी तिला म्हटलं, म्हणजे त्यांनी पडवी लावली की गं. आम्ही ती काढली.

खारघरच्या पहिल्या इमारती आता तिशीला पोचल्या आहेत. पुढची दहा वर्षं इथे हेच चालणार, आणि मी धंदा मुलाच्या हाती दिलेला आहे. तो आता खाडीच्या रेतीऐवजी क्रश सँड विकतो. तुम्ही त्याचं गिऱ्हाईक कमी केलंत तर घरी थोडी कुरबुर होईल, ती मी सोसेन.

जेवण एक वाजता आहे. तांदळाची भाकरी आणि खाडीची कोलंबी; शाकाहाऱ्यांसाठी वालाचं बिरडं. तीन वाजता गावात फेरी. आमच्या चुलतीचं घर अजून कौलारू आहे. तिचं आढं एका बाजूने खचलंय आणि मुलगे पाडायचं म्हणतात. तुमच्यातल्या कुणी तरी वर चढून बघा, किती लाकूड बदलावं लागेल आणि किती पैसे लागतील ते तिला सांगा. आणि चपला बाहेर काढा. तुम्ही येणार म्हणून तिने पहाटेच ओटी सारवली आहे.