भाकरी आणि पंगत



७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. वर्गात त्याची बसण्याची जागा इतरांपासून वेगळी, पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नाही. बुद्धी अफाट होती. अडथळा होता तो समाजाच्या मनात.

त्या शाळेत आंबेडकर आडनावाचेच एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत हा मुलगा घरी जेवायला जातो, हे त्यांच्या ध्यानी आले. त्या दिवसापासून स्वतःच्या डब्यातील भाजीभाकरी ते रोज त्याला देऊ लागले. विद्यार्थ्याचे आडनाव गुरुजींवरून आले की गावावरून, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. भाकरीविषयी वाद नाही. तिची गोडी बाबासाहेबांनी स्वतःच पुढे कृतज्ञतेने सांगितली आहे. पावसात चिंब भिजून आलेल्या याच मुलाला आपल्या घरी पाठवून ऊब देणारे पेंडसे गुरुजीही त्याच शाळेतले.

परंतु एक गोष्ट झाकून चालणार नाही. ती भाकरी स्पर्श टाळून, वरून पदरात टाकलेली होती. गुरुजींचे अंतःकरण द्रवले, तरी हात रूढीपाशी येऊन थांबला. मग एकट्यादुकट्या शिक्षकाच्या सहृदयतेवर किती मुलांनी विसंबावे?

या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले ते सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकच्या भाऊराव पाटलांनी. इस्लामपुरात शाळेबाहेर बसून शिकणारा ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य मुलगा त्यांनी पाहिला. त्याला घरी आणून जेवू घातले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात पोहोचवले. हेच घोलप पुढे 'मूकनायक'चे संपादक झाले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था उभी राहिली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तेथे सर्व जातींची मुले एकाच चुलीवरचे अन्न, एकाच पंगतीत, शेजारी शेजारी बसून जेवत. स्वयंपाकही आळीपाळीने तीच करीत. भाकरी आता वरून पडत नव्हती.

हे सोपे नव्हते. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी या मुलांना आपली मानले. दागिने एकेक करून गेले. एकदा कोठीत दाणा उरला नाही, भाऊराव गावी नव्हते. तेव्हा त्या माउलीने मंगळसूत्र मोडायला दिले आणि मुलांचे जेवण वेळेवर झाले.