शेवेच्या डब्यातला कॉम्प्रेसर

(इंदूर येथील आपल्या मंडळाच्या गुढीपाडवा स्नेहसंमेलनात, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या तिघांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही तिघे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक तबलजी आणि अकरावीतली एक मुलगी. बोलणार एकच जण, पण सांगणार आहोत त्या चुका तिघांच्या आहेत. दिवाळीपर्यंत आमच्यापैकी कुणीही सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

गेल्या गणेशोत्सवातली तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. आपल्या मंडळातल्या ८६ वर्षांच्या आजी जुन्या वाड्यातल्या गणपतीच्या आठवणी सांगायला बसल्या होत्या. आवाज बारीक, त्यात बोलता बोलता मान वळवायची सवय. मागच्या रांगांतून 'ऐकू येत नाही' असे हात वर झाले. आम्ही मिक्सरची पट्टी वर सरकवली. तेवढ्यात पुढ्यात बसलेल्या पोरांनी थेट माइकमध्ये 'मोरया' ठोकला. कर्णे फाटतात की काय असं वाटलं, एक तान्हं बाळ दचकून रडायला लागलं आणि आम्ही घाबरून पट्टी खाली ओढली. नंतर ती वर न्यायचा धीर आम्हाला झाला नाही. मागच्या दोन रांगा उठून चहाकडे गेल्या. आजींना ते दिसलं. 'राहू द्या आता,' म्हणाल्या आणि उठल्या. दोष माइकचा नव्हता, आमच्या बोटांचा होता.

अशा वेळी बोटांचं काम करणारं यंत्र असतं, त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. महाराणी रोडवर जाऊन आम्ही त्याचे सुटे भाग मागितले, तर दुकानदार म्हणाला, 'फ्रिज का, कि एसी का?' आमचा तो पहिला धडा.

तर आवाजाचा कॉम्प्रेसर म्हणजे काय? घरात दूध तापत ठेवलेलं असतं. वर यायला लागलं की आपण गॅस बारीक करतो, खाली बसलं की पुन्हा मोठा करतो. कॉम्प्रेसर आवाजाचं तेच करतो. मोठा आवाज आला की दाबतो, गेला की सोडतो. मोठं आणि बारीक यांतलं अंतर असं कमी झालं की सगळंच थोडं वर उचलता येतं, आणि बारीक बोलणारा माणूस मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

हे करायच्या तऱ्हा अनेक आहेत. आम्ही प्रकाशाची तऱ्हा निवडली, कारण ती डोळ्यांना दिसते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथे जिम लॉरेन्स यांच्या टेलेट्रॉनिक्स कंपनीने एलए-टूए नावाचं यंत्र काढलं. त्यात एका बंद डबीत चकाकणारी पट्टी आणि समोर प्रकाश ओळखणारा घटक. आवाज मोठा झाला की पट्टी जास्त उजळते, घटकाचा रोध उतरतो आणि आवाज दबतो. अस्सल यंत्र व्हॉल्व्हचं आहे, आत शेकडो व्होल्ट खेळतात. नवशिक्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आम्ही नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ठरवलं. चुकलं तर फार तर आयसी जळेल, माणूस नाही.

आमचं सामान साधं होतं. एक एलईडी आणि एक एलडीआर, म्हणजे अंधार पडला की आपोआप लागणाऱ्या दिव्यात असतो तो नागमोडी रेघांचा बटणाएवढा घटक. दोन्ही समोरासमोर. आवाजाचा एक हिस्सा एलएम ३८६ या छोट्या ॲम्प्लिफायर आयसीतून एलईडीला जातो. मूळ आवाज ४७ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून पुढे येतो आणि तिथून एलडीआर जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेला. अंधारात एलडीआर दहा लाख ओहमच्या आसपास असतो, तेव्हा ९५ टक्के आवाज पुढे जातो. उजेडात तोच दहा हजारांवर आला की उरतात साडेसतरा टक्के. डेसिबलच्या भाषेत पंधरा डेसिबलची घट. मोठ्या मोरयाला एवढी पुरते. शेवटी टीएल ०७२ हा आयसी, कमी झालेला आवाज पुन्हा उचलायला. बटणं दोनच. डावं किती दाबायचं ते ठरवतं, उजवं किती उचलायचं ते.

कागदावर हे एका बैठकीत समजलं. टेबलावर यायला तीन महिने लागले.

पहिल्यांदा घरात होता म्हणून लाल एलईडी लावला. आवाज दबतच नव्हता. आठवडाभर आम्ही आयसीला नावं ठेवली. मग अकरावीवालीने एलडीआरचा तक्ता काढला. हा घटक सर्वांत जास्त ओळखतो तो ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश. हिरवा एलईडी लावला आणि पहिल्यांदा तबल्याची थाप दबलेली ऐकली. तबलजींना ते मुळीच आवडलं नाही, हेही नोंदवतो.

दुसरं प्रकरण तर भुताटकीच वाटलं. रात्री सगळं ठीक चाले, सकाळी आवाज आपोआप बारीक होई. कुणी वाकून बघितलं की वाढे, बाजूला झालं की उतरे. दोन दिवस आम्ही सुटे सांधे तपासत होतो. शेवटी लक्षात आलं की खिडकीतलं ऊन एलडीआरवर पडतंय आणि वाकणाऱ्याची सावली आवाज वाढवतेय. ट्यूबलाइट लावली तर तिच्या सेकंदाला शंभर वेळा होणाऱ्या लुकलुकीची भुणभुण मिसळे. तापवली की आवळणारी काळी नळी दोन्ही घटकांवर चढवली आणि टोकं काळ्या चिकटपट्टीने बंद केली, तेव्हा भूत गेलं.

एलडीआर आळशी असतो. उजेड आला की त्याला जागं व्हायला काही मिलीसेकंद लागतात, अंधार झाल्यावर झोपायला त्याहून जास्त. एलए-टूएमध्येही दाबलेल्यातला निम्मा आवाज साठ मिलीसेकंदांत सुटतो आणि उरलेला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत हळूहळू. म्हणून बोलण्याला हे यंत्र मानवतं. शब्दाशब्दाला हिसके बसत नाहीत.

आता यासाठी आवाजाचा नमुना हवा होता. गेल्या वर्षीच्या त्याच संध्याकाळचं, मिक्सरवरून मोबाइलमध्ये उतरवलेलं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग आमच्याकडे होतं. बारीक बोलणं आणि फाटका मोरया एकाच ठिकाणी, याहून चांगली परीक्षा कुठली? हिवाळाभर ते आम्ही निदान शंभरदा ऐकलं. एका रात्री, डबी नीट चालायला लागल्यावर, मान वळवून बोललेलं आजींचं एक वाक्य ऐकू आलं. त्या दिवशी ते आमच्यापैकी कुणालाच ऐकू आलं नव्हतं. त्या म्हणत होत्या, 'तेव्हा लाऊडस्पीकर नव्हता, तरी मागच्या ओट्यापर्यंत ऐकू जायचं. लोक गप्प बसायचे ना.'

आम्ही हेडफोन काढून ठेवले आणि थोडा वेळ एकमेकांकडे बघत बसलो.

खरं सांगायचं तर नुसता आवाज वाढवूनही ते ऐकू आलं असतं. पण पुढचा मोरया कानात फुटेल या भीतीने कुणी वाढवलाच नव्हता.

त्याच रेकॉर्डिंगने यंत्राचा दोषही दाखवला. बोलणं थांबलं की कॉम्प्रेसर सैल पडतो, आणि मग उचलला जातो तो छताचा पंखा, स्वयंपाकघरातली भांडी, मागच्या रांगेतली कुजबुज. माघी गणेश जयंतीला हॉलमध्ये पहिल्यांदा लावला, तर वक्ते श्वास घ्यायला थांबले आणि कर्ण्यांनी शिट्टी मारली. कॉम्प्रेसर शिट्टी थांबवत नाही, उलट शांततेत तिला वाट करून देतो. उपाय यंत्रात नव्हता. माइक वीतभर अंतरावर होता, तो अर्ध्या वितीवर आणला. अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलने वाढतो, फुकटात. मग उजवं बटण खाली आणता आलं. आमच्या तीन महिन्यांच्या कामातलं निम्मं श्रेय त्या अर्ध्या वितीचं आहे.

आतलं सामान तीनशे रुपयांच्या आत आलं. पेटीच महाग होती, म्हणून शेवेचा पत्र्याचा डबा वापरला. पत्रा ग्राउंडला जोडला की बाहेरची भुणभुण अडते. दोनदा धुतला, तरी डबा उघडला की अजून लवंगेचा वास येतो.

या गणेशोत्सवात हा डबा माइकच्या चॅनलवर, मिक्सरच्या इन्सर्टमध्ये जोडलेला असेल. कर्णे जोरात वाजवायला नाही, हे तरुण मंडळींनी लक्षात घ्यावं. मिरवणुकीसाठी तो मिळणार नाही. उजव्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे, ती कुणी काढू नये. रोज आरतीनंतर वीस मिनिटं ज्येष्ठांसाठी ठेवावीत अशी आमची कार्यकारिणीला विनंती आहे. नावं आमच्याकडे द्यावीत, म्हणजे आदल्या दिवशी बसवून माइकचं अंतर बघून घेता येईल. बॅटरीचा खर्च आमच्याकडे.

आजींकडे आम्ही गेलो होतो. ते वाक्य त्यांना ऐकवलं. 'हे मी म्हटलं होतं होय?' असं म्हणून हसल्या. यंदा उरलेलं सांगाल का, असं विचारलं. जरा वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'बसेन. पण तो पंखा बंद करा आधी.'