खोली आवरताना

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला आज विषय दिला आहे तो घर आवरण्याचा, त्यातही निजायची जागा मोकळी करण्याचा. पत्रिकेत तो वाचून काही मंडळी हसली, हे आमच्या कानावर आले. चळवळीच्या माणसाने मोर्चावर बोलावे, गोधड्यांच्या घड्यांवर काय बोलावे? पण बंधूंनो, रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला विचारा, पाठ टेकायला जागा नसली म्हणजे काय होते ते. आम्ही गिरणीत तिन्ही पाळ्या केल्या आहेत. झोप न झालेला माणूस साच्यावर उभ्या-उभ्या डुलक्या घेतो, आणि घरी आला की बायकापोरांवर खेकसतो. त्याला लोक तापट म्हणतात. तो तापट नसतो हो, झोपेचा उपाशी असतो.

‘बेडरूम’ हा शब्द आमच्या चाळीत नव्हताच. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. दिवसा तीच बैठकीची, तीच स्वयंपाकाची. रात्री जेवणे झाली, वळकट्या सुटल्या, की तीच निजायची. निजायची खोली आम्हाला घड्याळाने मिळायची, भिंतीने नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, तरी सांगतो. परळच्या डबक चाळीत त्यांचे कुटुंब एका खोलीत राहत होते. खोली सामानाने भरलेली, माणसांनी भरलेली, त्यात चुलीचा धूर. विद्यार्थ्याने पुस्तक उघडायचे कुठे? सुभेदार रामजी बाबा मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवीत आणि नंतर स्वतः आडवे होत. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्या बापाला खोली मोठी करता येत नव्हती, त्याने स्वतःची झोप आवरली. आपल्या पोरांसाठी आपण निदान जुने डबे तरी आवरू की नाही?

आता बघा, खोली भरते कशाने. लग्नात आलेली आहेराची भांडी, पेटीतून कधीच न निघालेली. साड्यांची खोकी. बंद पडलेला टेपरेकॉर्डर, ‘दुरुस्त करू’ म्हणून ठेवलेला. एका पिशवीत कोंबलेल्या पन्नास पिशव्या. अलीकडे मोबाईलची रिकामी खोकी आणि कोणत्या फोनची ते कुणालाच माहीत नसलेल्या वायरी. प्रत्येक वस्तूमागे एकच वाक्य, ‘राहू दे, लागेल.’ आम्ही त्या वाक्याला हसत नाही. ज्यांच्या आज्यांनी फुटकी घागर डांबराने सांधून वापरली, त्यांच्या हातून वस्तू सुटत नाही. ती कंजुषी नव्हे, गरिबीची सवय आहे. तेव्हा कुणाच्या घरात जाऊन ‘काय हा कचरा’ असे म्हणणाऱ्याला आधी बाहेर बसवा.

चाळीतल्या आम्ही चार-पाच जणांनी मिळून बऱ्याच खोल्या आवरायला मदत केली आहे. त्या अनुभवाचे बोल सांगतो. एका रविवारी दोन तास पुरतात, पण सुरुवात जमिनीपासून करायची. जिथे अंथरूण पडते तेवढ्या जमिनीवर रात्री अंथरुणाशिवाय काही राहता कामा नये, एवढाच पहिल्या दिवशीचा हिशेब. मग खाटेखालचे ओढायचे. मग दोरीवरचे कपडे. ती डोक्यावर लोंबणारी लक्तरे उतरली की छप्पर एक हात वर गेल्यासारखे वाटते, खरे सांगतो.

आणि पहिल्या दिवशी माळ्याला हात लावायचा नाही. हौसेने सगळे लोक तिथूनच सुरुवात करतात. माळा खाली आला की संध्याकाळपर्यंत खोलीभर डोंगर होतो आणि रात्री निजायचे कुठे म्हणून तो तसाच कोंबून परत वर जातो. माळ्याला दुसरा रविवार द्या.

ढीग तीनच करा. राहणारे, जाणारे आणि विचारायचे. जाणारे त्याच दिवशी गेले पाहिजे. भांडेवाली बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, कोण कधी येतो ते आपल्या बायकांना तोंडपाठ असते. ‘उद्या देऊ’ म्हणून दाराबाहेर गॅलरीत ठेवलेले सामान वर्षभर तिथेच राहते. आपली खोली मोकळी आणि शेजाऱ्याची वाट बंद, हा कुठला न्याय? उद्या आग लागली, कुणाला झोळीत घालून खाली न्यायची वेळ आली, तर त्याच गॅलरीतून न्यायचे आहे.

गाद्या उन्हात टाका, शिवणी उलटून बघा, ढेकूण तिथेच असतात. चादरी कढत पाण्यातून काढा. हे सांगायला नको, पण सांगून ठेवतो.

‘विचारायचे’ हा ढीग मात्र महत्त्वाचा. म्हातारीची ट्रंक तिला विचारल्याशिवाय उघडायची नाही. तिच्या वीतभर जागेवर तिचा तेवढाच हक्क आहे.

ट्रंकेचे निघाले म्हणून सांगतो, आजच्या भाषणात यापेक्षा मोठे आमच्याजवळ काही नाही. वस्तू झटपट काढा, कागद सावकाश. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगाराला किंवा त्याच्या वारसाला घराची योजना आली, तेव्हा पुरावा काय मागितला? गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर, पगाराची पावती. म्हणजे ज्याला सुनेने पिवळा कागद म्हणावे आणि रद्दीत घालावे, नेमके तेच. आमच्या ओळखीच्या एका घरात दिवाळीच्या साफसफाईत सासऱ्यांचा पास रद्दीबरोबर किलोने गेला. आता पोरगा कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो आहे. दुसऱ्या एका घरात ट्रंकेच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली पास सापडला, तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा रडला. भाडेपावत्यांचेही तसेच. सगळे कागद एका पत्र्याच्या डब्यात, ओल लागणार नाही असे ठेवा, आणि डबा कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आता तिथे खरोखरीची बेडरूम आहे, दार लावता येते. आनंदच आहे. पण एका घरी गेलो तर त्या बेडरूममध्ये माळ्यावरचे सगळे सामान छपरापर्यंत रचलेले, आणि माणसे बाहेरच्या खोलीत पूर्वीसारखी ओळीने झोपतात! विचारले तर घरमालकीण म्हणाली, ‘सवय झालीय हो भाऊ.’ आम्हीही हसलो, तीही हसली. पुढच्या रविवारी ती खोली मोकळी केली. आता तिथे त्यांची बारावीतली मुलगी अभ्यास करते.

बंधूंनो, शेवटी तुम्हाला एक. हे काम बायकांचे म्हणून कॅरमवर जाऊन बसू नका. गिरणीत साच्याखालचे तूस काढताना लाज वाटली नाही, मग खाटेखालचे काढताना कसली?

येत्या रविवारी सकाळी नऊपासून आम्ही विहाराच्या खालच्या खोलीत बसणार आहोत. आपापल्या ट्रंकेतले कागद घेऊन या, वाचता येत नसले तरी या, आम्ही लावून देऊ. कुलूप गंजले असेल तर फोडू नका, तशीच ट्रंक आणा, आमच्यात एक जुना फिटर आहे.  जयभीम.