नाडी, पट्टा आणि घड्याळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवात संतवाङ्मयावर किंवा नाट्यसंगीतावर बोलावे. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रावर कसले व्याख्यान, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु पन्नास वर्षांपूर्वी सरकारी नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आलेली आपली पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. मुले बंगळुरूला, पुण्याला, नाहीतर परदेशी. सकाळी लोदी उद्यानात फिरणाऱ्या आपल्या मंडळींच्या मनगटावर त्याच मुलांनी पाठविलेले घड्याळ असते, आणि बाकावर बसल्यावर गप्पा रंगतात त्या ठोक्यांच्या आकड्यांवर. तेव्हा विषय घरचाच आहे.

मी वैद्य नव्हे. मोजमापाच्या उपकरणांत आयुष्य गेलेला एक निवृत्त अभियंता आहे. त्या अधिकारानेच बोलतो.

नाडी पाहण्याची विद्या आपल्याला परकी नाही. शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन बोटे ठेवून तीस सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत, हे शाळकरी मुलालाही जमते. अडचण येते ती चालताना वा धावताना. ती दूर झाली फिनलंडमध्ये. तेथील पोलर या कंपनीने १९८२ साली, बर्फावर घसरत जाणाऱ्या खेळाडूंच्या सरावासाठी, अंगावर बाळगता येणारा पहिला बिनतारी हृदयगतिमापक बाजारात आणला.

आज बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला छातीवर बांधायचा पट्टा. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयात निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत्-संकेत तो त्वचेवरून टिपतो. ईसीजीचे तत्त्वही हेच. पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करून तो घट्ट बसविला, तर व्यायामात याच्याइतके विश्वसनीय साधन घरगुती वापरात दुसरे नाही.

दुसरा प्रकार मनगटी घड्याळाचा. ते बहुधा हिरवा प्रकाश त्वचेवर टाकते. रक्त तो प्रकाश शोषून घेते; ठोक्यागणिक रक्ताचे प्रमाण कमीजास्त होते आणि परत येणारा प्रकाशही त्याप्रमाणे बदलतो. त्यावरून घड्याळ ठोके मोजते. म्हणजे ते हृदयाकडे पाहत नाही, त्वचेखालच्या रक्ताकडे पाहते. पट्टा सैल असला, जानेवारीच्या थंडीने हात गारठले, सायकलचा दांडा घट्ट धरला किंवा त्या जागी गोंदण असले, की आकडा चुकू शकतो. कधी कधी तर घड्याळ पावलांची लयच ठोके म्हणून मोजते. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि किंचित घट्ट बांधल्यास पुष्कळ फरक पडतो. दंडावर बांधायची प्रकाशाचीच पट्टीही मिळते. मनगटापेक्षा तेथे हालचाल कमी असल्याने तिचे मोजमाप बहुधा बरे येते.

२०२१ च्या महासाथीत आपण बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. त्यात नाडी दिसते. पण ते साधन बसून पाहण्याचे, चालताना वापरण्याचे नव्हे.

मग निवड कशी करावी? नुसते फिरणे असेल तर घड्याळ पुरे. धावणे, सायकल किंवा थांबून-थांबून वेग वाढविण्याचा व्यायाम असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात का, फोन जवळ नसतानाही ते दिसतात का, पट्टा वा बॅटरी सुटी मिळते का, हे विचारून घ्यावे. घरी आणल्यावर एकदा बसून आणि एकदा दोन जिने चढून, थांबताक्षणी बोटांनी नाडी मोजून ताळा पाहावा.

आता आकड्याच्या अर्थाविषयी. २२० मधून वय वजा करावे, हे सूत्र सर्वांना पाठ आहे. बासष्ट वर्षांच्या माणसाची कमाल गती त्याने १५८ येते; २००१ साली मांडलेल्या दुसऱ्या सूत्राने, म्हणजे २०८ मधून वयाच्या सात-दशांश वजा केल्यास, सुमारे १६५ येते. दोन्ही सरासरी आहेत. प्रत्यक्ष माणूस त्यापासून दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे असतो. विश्रांतीची नाडी ७० असेल, तर १५८ मधून ती वजा करून उरलेल्या ८८ चे चाळीस ते साठ टक्के पुन्हा ७० मध्ये मिळवावेत. १०५ ते १२३ ही मध्यम व्यायामाची मर्यादा झाली. परंतु रक्तदाबासाठी वा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळी चालू असेल, तर नाडी मुळातच आवरलेली असते. अशांनी सूत्राचा आकडा गाठण्याचा हट्ट धरू नये. मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

शेवटी एक अनुभव सांगतो. माझे एक स्नेही चालता चालता थांबले. छातीवर दडपण आले होते, कपाळावर घाम होता. त्यांनी मनगट पुढे केले आणि म्हणाले, “अहो, ब्याण्णवच तर आहेत. काही नाही, जरा बसतो.” मीही तो आकडा पाहिला आणि त्यांच्याजवळ बसून राहिलो. उपकरणांचा जाणकार ना मी! वीस मिनिटे गेली. शेवटी त्यांच्या सौभाग्यवतींचा फोन आला. त्यांनी आवाजावरूनच ओळखले आणि आम्हांला रुग्णालयात धाडले. हृदयविकाराचा झटका होता. स्नेही वाचले, आज सभागृहात आहेत. पण ती वीस मिनिटे माझ्या हिशेबी कायमची राहिली. घड्याळ खोटे बोलले नव्हते. ठोके ब्याण्णवच होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे की नाही, हे सांगणे त्याचे कामच नव्हते. प्रश्न त्याला विचारण्याची चूक आमची होती.

म्हणून विनंती एवढीच. यंत्र अवश्य घ्या, पारखून घ्या; पण छातीत दुखले, दम लागला, घेरी आली, तर आकडा न पाहता मदत मागा. आपली मुले दूर आहेत. अशा वेळी हाकेच्या अंतरावर असतो तो शेजारी आणि हे मंडळ. फिरताना शेजारच्याशी बोलता येईल अशा बेताने चालावे. वेगाचे तेच जुने आणि बिनखर्चाचे माप आहे, आणि त्यात सोबतही आहे.