दिल्लीच्या उन्हातील मोरपंखी

ज्येष्ठात दिल्लीवर लू वाहू लागते, पारा 45 अंशांच्या घरात जातो. तरी बंगल्यांच्या आवारांतील मोरपंखी हिरवीगारच दिसते. हा हिरवेपणा फसवा आहे. सूचिपर्णी वर्गातील असूनही या झाडाची पाने सुईसारखी नसून खवल्यांसारखी असतात, आणि ती लवकर मान टाकत नाहीत. त्याची तहान माळ्याच्या ध्यानी येते ती शेंडे तांबूस पडू लागल्यावर. म्हणजे पुष्कळदा उशिराच.

झाडातील पाण्याला दोन धनी, मुळांशी माती आणि माथ्यावर हवा. कोरडी हवा पानांतून पाणी ओढते व खोडातील जलस्तंभ ताणला जातो, हा विचार 1894 साली डिक्सन व जोली यांनी मांडला. जगदीशचंद्र बोस यांनी 1923 च्या ग्रंथात रसाच्या चढणीचे श्रेय जिवंत पेशींच्या स्पंदनाला दिले. शास्त्राचा कौल मात्र डिक्सनकडे गेला. 1965 साली शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबपात्राने हा ताण मोजून दाखविला. सूर्योदयापूर्वीचा ताण मातीतील ओल सांगतो. दुपारच्या ताणात हवेची भर पडते. रात्रभरात झाड सावरले नाही, तर उणीव मातीत आहे.

ताण अति झाला की जलस्तंभ तुटून नळीत हवा शिरते. सूचिपर्णी वृक्षांच्या नळ्यांतील छिद्रांना जणू झडपाच असतात, त्या हवा पुढे पसरू देत नाहीत. पण त्यांनाही मर्यादा आहे.

दिल्लीचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. तो मुरला तरच खोलवर ओल राहणार. 2013 साली राष्ट्रीय हरित अधिकरणाने तेथील झाडांच्या बुंध्यांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास सांगितले होते. जेथे ते तसेच राहिले, तेथे श्रावणाचे पाणी गटारात जाते, आणि मे महिन्यात माळ्याची झारी वरची वीतभर माती तेवढी भिजविते.