कर्नल स्वतः पुढे का गेले?

जालन्यातून बोलतोय. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात, त्यांच्यासाठी आजचा विषय.

कर्नल संतोष महाडिक. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, 21 पॅरा स्पेशल फोर्सेसचे कमांडो. 2015 मध्ये कुपवाड्यात 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते, म्हणजे अख्खी बटालियन हाताखाली. जंगलात अतिरेक्यांचा शोध चालू होता. मागे थांबून वायरलेसवर ऑर्डर देता आली असती ना? पण ते जवानांसोबत पुढे गेले. 17 नोव्हेंबरला शहीद झाले. पुढे त्यांच्या पत्नी स्वाती, दोन लेकरांची आई, वयाची सवलत घेऊन चेन्नईला ट्रेनिंगला गेल्या आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या!

आता माझं सांगतो. गोळी आणि सर्व्हर एक नव्हे, माहितीये. पण टीम लीड झालो, त्याच आठवड्यात रात्री दोनला सर्व्हर पडला. मी ज्युनिअरला फोन केला, "बघ रे जरा," आणि झोपलो. सकाळी त्याचे डोळे लाल. तो एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

हल्ली रात्रीचा पहिला कॉल माझ्या फोनवर येतो. बायको वैतागते, ते वेगळं.